ढकलायच्या मोअरने गवत कापलं न जाता नुसतं वाकतंय

ओसरी

नमस्कार मंडळी. नाशिकला घरापुढे २० बाय २० फुटांचं लॉन आहे. गवत हरळीच्या जातीचं, नर्सरीवाले ‘सिलेक्शन वन’ म्हणून विकतात ते. मधूनमधून लव्हाळा. एवढ्याशा जागेला वीज-पेट्रोल कशाला म्हणून हाताने ढकलायचा १४ इंची मोअर आणलाय. ५ पात्यांचं रील (फिरणारा दंडगोल), खाली स्थिर पट्टी, दोन बाजूंना चाकं, मागे रोलर.

सध्या पावसामुळे गवत ८ सेंमीच्या आसपास गेलंय. मोअर फिरवला की डाव्या बाजूला बरं कापतो, उजवीकडे गवत नुसतं वाकून पुन्हा उभं राहतं. मधेच चाकं घसरतात आणि रील फिरतच नाही. जिथे कापलं गेलं तिथे खालून पिवळट-तपकिरी दिसतंय. गवत २.५ सेंमीवर ठेवायचंय. मशीनमध्ये दोष आहे की वापरण्यात?

पानापकड

दोन्हींत थोडा थोडा. आधी मशीनचं सांगतो.

या मोअरची पाती गवत तोडत नाहीत. रीलचं पातं गवत ओढून खालच्या पट्टीवर आणतं आणि दोन कडांमध्ये ते कात्रीसारखं कापलं जातं. त्यामुळे नुसती धार असून भागत नाही, दोन कडांमधलं अंतर डावीकडून उजवीकडे सारखं लागतं. एका बाजूला कापतो आणि दुसऱ्या बाजूला वाकवतो, याचा अर्थ जवळजवळ नेहमी एकच: उजव्या टोकाला फट पडलीय.

तपासायचं असं. मोअर फरशीवर उलटा ठेवा, हातात चामडी मोजे घाला. वर्तमानपत्राची बोटभर रुंद पट्टी खालच्या पट्टीवर आडवी धरा आणि रील हळूच फिरवा, पण बोटाने नाही, लाकडी काठीने. एक चाक हललं तरी रील फिरतं आणि बोट सापडतं. कागद डाव्या टोकाला, मध्ये आणि उजव्या टोकाला असा तीन ठिकाणी, पाचही पात्यांवर कापून बघा. स्वच्छ कापला तर ठीक. दुमडून आत गेला तर फट आहे. चुरगळून फाटला तर धार गेलीय.

फट कमी करायला खालच्या पट्टीच्या दोन्ही टोकांना प्रत्येकी दोन स्क्रू असतात, एक पुढे आणि एक मागे. एक सैल केल्याशिवाय दुसरा आवळत नाही. कोणता आवळल्यावर पट्टी रीलकडे सरकते हे मॉडेलप्रमाणे बदलतं, तेव्हा आधी थोडंसं फिरवून अंदाज घ्या. एका वेळी फेऱ्याचा आठवा भाग, त्याहून जास्त नको. प्रत्येक वेळी दोन्ही टोकं पुन्हा तपासायची, कारण उजवीकडे आवळलं की डावीकडेही किंचित फरक पडतो. रील फिरवल्यावर पातं पट्टीला ओझरतं लागल्याची बारीक ‘सळसळ’ ऐकू आली पाहिजे. ‘खरखर’ आली किंवा रील अडखळलं तर जास्त आवळलंय. बरेच जण घट्ट म्हणजे चांगलं समजून आवळत जातात. मग मोअर जड होतो आणि दोन्ही कडा एकमेकींना खाऊन बोथट होतात.

आता रील न फिरण्याबद्दल. प्रत्येक चाकाच्या आत एक पिनियन, म्हणजे छोटं दातेरी चाक, असतो आणि त्यात रॅचेटचा कुत्रा, म्हणजे एकाच दिशेला पकड धरणारा खटका. मोअर उचलून चाक हाताने पुढे फिरवा: रील फिरलंच पाहिजे. मागे फिरवा: नुसती ‘कटकट’ आली पाहिजे. पुढे फिरवूनही रील कधी फिरतं, कधी नाही, असं असेल तर कुत्रा अडकतोय. चाक काढा, आतलं घट्ट ग्रीस आणि गवताचा चोथा रॉकेलने धुऊन टाका, मशीन ऑइलचे दोन-तीन थेंब सोडा आणि परत बसवा. इथे ग्रीस भरायचं नाही. ग्रीस मळ धरून घट्ट होतं आणि कुत्रा बाहेरच येत नाही. चाक बसवताना पिनियनची बाजू बदलली तर रील पुढच्या दिशेला फिरणारच नाही, म्हणून काढण्याआधीच मार्करने ‘डा’ आणि ‘उ’ लिहून ठेवा.

हिरवाई

पानापकडांनी सांगितलेलं सगळं केलं तरी ८ सेंमी गवतावर हा मोअर चालणार नाही. रीलचा व्यास लहान असतो. उंच गवताचा शेंडा रीलच्या वरच्या भागाला आपटून पुढे झुकतो आणि पाती त्याच्या अंगावरून जातात.

आधी गवतकात्रीने किंवा धारदार विळ्याने ५-६ सेंमीपर्यंत आणा. कापलेलं झाडून उचला. चार-पाच दिवसांनी मोअर उंची बदलायच्या सगळ्यात वरच्या खाचेवर, म्हणजे बहुतेक मॉडेलांत ४ सेंमीच्या आसपास. आणखी चार-पाच दिवसांनी ३ वर, मग २.५ वर. एका वेळी उंचीच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त घ्यायचं नाही. हरळीची हिरवी पानं वरच असतात, खाली नुसते तपकिरी धांडे. एकदम खाली गेलात की तेच उघडे पडतात, तुम्हाला दिसतंय ते तेच. मेलेलं नाहीये, पावसाच्या दिवसांत दोन-तीन आठवड्यांत भरून येईल.

खाचेवरच्या आकड्यांवर विसंबू नका. मोअर सपाट फरशीवर ठेवून फरशीपासून खालच्या पट्टीच्या वरच्या कडेपर्यंतचं अंतर मोजपट्टीने मोजा, दोन्ही टोकांना. रोलर एका बाजूला वर बसला असेल तर लॉनवर तिरके पट्टे पडतात आणि माणूस जमिनीला दोष देतो.

चाकं घसरण्याचं मुख्य कारण ओल. पाऊस थांबल्या थांबल्या मशीन काढू नका. उघडीप मिळून वाफसा आला, पायाखाली माती दबून वर पाणी येत नाहीसं झालं आणि गवताच्या पात्यांवरचं पाणी सुकलं की मग. म्हणजे सकाळी दहानंतर. टायरच्या खाचांत चिखल बसला असेल तर काडीने कोरून काढा.

लव्हाळ्याचे आणि हरळीच्या तुऱ्यांचे ताठ दांडे हा मोअर कापत नाही, आडवे पाडतो. ते आधी हाताने उपटा. लव्हाळा खालच्या गाठीसकट निघाला तरच उपयोग, आणि ओल्या मातीत तो निघतो. मोअर फिरवायच्या आदल्या दिवशी ते काम उरका.

जुलै ते सप्टेंबर आठवड्यातून एकदा तरी फिरवा, जोराची वाढ असेल तर पाच दिवसांनी. थंडीत पंधरा दिवसांनी पुरतं. आणि पावसाळ्यात युरिया टाकायचा मोह आवरा, नाहीतर दर तीन दिवसांनी मोअर काढावा लागेल.

गच्चीवरचा

एवढा खटाटोप कशाला? दोरीचं इलेक्ट्रिक ट्रिमर घ्या, पाच मिनिटांत काम.

हिरवाई

कडेला ट्रिमर उत्तम. पूर्ण लॉनवर तो हातात सारख्या उंचीवर राहत नाही, वर-खाली लाटा दिसतात. शिवाय दोरी गवत फटकारून तोडते, शेंडे फाटतात आणि दुसऱ्या दिवशी लॉनवर पांढुरकी झाक येते. बोथट मोअरचंही तसंच दिसतं.

पानापकड

४०० चौरस फुटांना वेळ असा कितीसा लागतो? १४ इंची मोअर, दर पट्ट्यात दोन इंच मागच्या पट्ट्यावर चढवायचे, म्हणजे कामाची रुंदी एक फूट. २० फुटांचे २० पट्टे, एकूण ४०० फूट चालणं. उभं-आडवं दोनदा केलं तरी अडीचशे मीटर भरत नाही. आधी कडेने दोन फेऱ्या घ्या म्हणजे वळायला जागा होते, मग सरळ पट्टे. पुढच्या वेळी दिशा काटकोनात बदला, नाहीतर गवत एकाच बाजूला झोपायची सवय लावून घेतं. मागे-पुढे झटके देत ढकलू नका. चालीत खंड पडू नये, रीलला आलेली गतीच गवताचा जाड पुंजका कापते.

१८३० मध्ये इंग्लंडात एडविन बडिंगने याचं पेटंट घेतलं. लोकरी कापडावरची लव कातरणाऱ्या गिरणीतल्या यंत्रावरून त्याला ही कल्पना सुचली, आणि मूळ रचना आजही तीच आहे.

एक हिशेब मात्र करून बघा, २.५ सेंमीचं म्हणताय म्हणून. चाकावर खडूची खूण करा, एक पूर्ण फेरा फिरवा आणि रीलचे फेरे मोजा. चाकाचा घेर भागिले (रीलचे फेरे गुणिले पाती) म्हणजे दोन कापांमधलं अंतर. कापायची उंची त्याहून बरीच कमी ठेवली तर लॉनवर आडव्या बारीक वळ्या दिसतात. तो दोष धारेचा नसतो.

ओसरी

मोजलं. चाकाचा घेर ७२ सेंमी, रीलचे जवळजवळ ५ फेरे. म्हणजे २५ काप, अंतर २.९ सेंमी. तर ३ सेंमीवरच ठेवतो.

कागदाची परीक्षाही केली. उजवं टोक आवळल्यावर कागद कापतोय, पण मध्ये साधारण दोन इंचांत फाटतो. पट्टीवर तिथे खडा लागल्यासारखी खाच दिसतेय. कानस मारू का?

पानापकड

खाचेच्या कडेला वर आलेला धातू असेल तेवढाच बारीक कानशीने सपाट करा. पात्याला किंवा पट्टीला नवी धार काढायला कानस वापरू नका. हाताने एक जागा जास्त घासली जाते आणि ती फट मग कशाने भरून निघत नाही.

धार पेस्टने लावा. इंजिनच्या व्हॉल्व्हला लावतात ती ग्राइंडिंग पेस्ट ऑटो स्पेअर्सच्या दुकानात मिळते, डबीत एका बाजूला जाड कणांची आणि दुसऱ्या बाजूला बारीक कणांची. मोअर दोन विटांवर असा ठेवा की चाकं अधांतरी राहतील. डावा-उजवा पिनियन अदलाबदल करून बसवा, म्हणजे चाक मागे फिरवलं की रील उलटं फिरतं. हे उलटं फिरणं महत्त्वाचं. सरळ फिरवून पेस्ट लावली तर कडा गोल होते. पाचही पात्यांच्या कडेला आइसक्रीमच्या काडीने जाड कणांची पेस्ट पातळसर लावा, पट्टी पात्यांना ओझरती टेकवा आणि पाच ते दहा मिनिटं फिरवत राहा. सुरुवातीची खरखर विरत जाते. आवाज अगदी मंदावला की पट्टी किंचित पुढे घ्या, पुन्हा पेस्ट. पात्याच्या कडेला या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखी राखाडी रेघ दिसली की थांबा.

मग रॉकेल आणि जुन्या ब्रशने सगळं धुवा. रीलच्या बेअरिंगजवळ राहिलेली पेस्ट बेअरिंग खाते. पिनियन जागच्या जागी, अंतर पुन्हा लावा, कागदाने परत तपासा. खाच एक मिलिमीटरहून खोल असेल तर पेस्टने निघणार नाही. पट्टी सोडवून वर्कशॉपमध्ये सरफेस ग्राइंडरवर घासून घ्या, किंवा नवी टाका.

हिरवाई

आणि तो खडा परत लागू नये म्हणून मोअर काढायच्या आधी लॉनवर खराटा फिरवा. आंब्याची कोय, खडी, पाइपची क्लिप, काहीही निघतं. लॉन खालीवर असेल तर उंचवट्यावर मोअर खरवडतो. खोलगट भागात चाळलेली माती, वाळू आणि गांडूळखत यांचा अर्धा सेंमीचा थर द्या, गवताचे शेंडे वर दिसले पाहिजेत. पूर्ण ४०० चौरस फुटांना असा थर द्यायचा तर १५-१८ घमेली लागतील.

भिंतीलगतचं ३-४ इंच गवत चाकाच्या बाहेर राहणारच. तिथे कात्री. कायमचा उपाय हवा असेल तर भिंतीच्या कडेने सहा इंच रुंद शहाबादी फरशीची पट्टी मातीच्या पातळीला बसवा, एक चाक त्यावरून जातं.

काम झाल्यावर पाती कोरड्या फडक्याने पुसून तेलाचा हात फिरवायचा आणि मोअर पावसाच्या झडीपासून आत ठेवायचा. आपल्याकडच्या पावसाळ्यात एका रात्रीत कडेवर तांबूस गंज धरतो.

ओसरी

पेस्ट आणतो. पट्टीची खाच नखाला जेमतेम लागते, त्यामुळे वर्कशॉपची वेळ येऊ नये. फरशीचं दिवाळीच्या आसपास बघू.