१८ टक्क्यांचा अर्थ, आणि मूळव्याध समजून गेलेले आठ महिने

रोज सॉसेज-सलामी खाल्ली तर आतड्याच्या कॅन्सरचा धोका १८ टक्क्यांनी वाढतो, हा आकडा बरोबर आहे. पण शंभरातल्या १८ जणांना कॅन्सर होतो, असा त्याचा अर्थ नाही. मूळ धोका शंभरात ५ असेल तर तो ६ च्या आसपास जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने २०१५ मध्ये हे सांगितलं ते रोज ५० ग्रॅम प्रक्रिया केलेल्या मांसाबद्दल. रविवारच्या मटणाला हा आकडा लावू नका.

मला जास्त काळजी वाटते ती जेवणातले तंतुमय पदार्थ कमी झाल्याची. भाकरी, मटकी, पालेभाजी यांतले न पचलेले तंतू मोठ्या आतड्यातले जिवाणू आंबवतात, त्यातून ब्युटिरेट नावाचं मेदाम्ल तयार होतं आणि आतड्याच्या अस्तरातल्या पेशींना त्यातूनच बरीचशी ऊर्जा मिळते. आमच्या घरात भाकरीच्या जागी पाव कधी आला, कळलंही नाही.

आणि कळकळीने सांगते, शौचातून रक्त जात असेल तर आहाराचं नंतर बघा, आधी तपासून घ्या. माझे काका माळकरी, जन्मभर शाकाहारी. मूळव्याध समजून आठ महिने इसबगोल आणि मलमावर काढले. कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी, झाली तेव्हा गाठीने आतडं जवळजवळ बंद केलं होतं.