‘व्हॅल्यू ॲडेड’ला मराठीत काय म्हणावं? मूल्यवर्धन, हातगुण की पायगुण?

भाषांतरकार

अमेरिकेतल्या शिक्षकांच्या मूल्यमापनावरचा एक मजकूर मराठीत आणते आहे आणि दोन शब्दांपाशी अडले आहे: ‘व्हॅल्यू ॲडेड’ आणि ‘स्टुडंट ग्रोथ’.

पद्धत थोडक्यात अशी. एका मुलीला गेल्या वर्षी गणितात ४२ गुण होते. आधी साधारण तेवढेच गुण असलेली मुलं यंदा सरासरी ४८ पर्यंत पोचतात, असं जुन्या निकालांवरून दिसतं. ही मुलगी ५३ वर गेली, म्हणजे अपेक्षेपेक्षा ५ जास्त. वर्गातल्या प्रत्येक मुलाचा असा अधिक-उणे फरक काढायचा, सगळ्यांचा मिळून एक आकडा करायचा आणि तो शिक्षकाच्या नावावर लिहायचा.

मी ‘मूल्यवर्धन’ आणि ‘विद्यार्थ्यांची वाढ’ असं लिहिलं आहे. दोन्ही खटकतात. का, ते मात्र नेमकं सांगता येत नाहीये.

माजी शिक्षिका

‘विद्यार्थ्यांची वाढ’ आधी काढून टाका. मराठीत मुलांची वाढ उंची-वजनात होते. ‘वाढ खुंटली’ म्हटलं की डॉक्टर आठवतो, गणिताचा पेपर नाही. ‘गुणवाढ’ तर त्याहून वाईट. ‘वाढीव गुण’ म्हटलं की लोकांना कृपागुण नाहीतर फेरतपासणी आठवते.

‘प्रगती’ बरा. एक अडचण आहे: ‘प्रगतिपुस्तका’मुळे हा शब्द थोडा झिजलाय. त्यात मूल कुठे पोचलंय ते लिहिलेलं असतं, कुठून निघून किती चाललं ते नसतं. तुमच्या मजकुरात तर चाललेलं अंतरच महत्त्वाचं. म्हणून ‘गुणांमधली प्रगती’ असं फोडूनच लिहा. एक शब्द जास्त गेला तरी चालेल.

संख्याशास्त्र शिकवणारा

‘मूल्यवर्धन’ का खटकतं ते सांगतो. हा शब्द आला अर्थशास्त्रातून. कापसाचं सूत होतं, सुताचं कापड होतं, आणि प्रत्येक टप्प्यावर किती भर पडली ते खरेदी-विक्रीच्या बिलांवरून कळतं. ‘मूल्यवर्धित कर’ त्याच हिशेबावर उभा आहे. वर्गात अशी बिलं नसतात. एकाच वर्षात शिक्षक शिकवतो, आई अभ्यास घेते, मूल वयाने मोठं होतं, शेजारचा मित्र गणित समजावून सांगतो. कुणाचा टप्पा कुठे संपला ते कोण सांगणार?

दुसरं असं की ‘वृद्धी’ आपोआप होऊ शकते, पण ‘वर्धन’ मराठी कानाला कुणीतरी केलेलं वाटतं. संवर्धन, पशुसंवर्धन हे शब्द पाहा. म्हणजे ‘शिक्षकाचं मूल्यवर्धन’ लिहिलं की जे सिद्ध करायचं आहे ते नावातच गृहीत धरल्यासारखं होतं.

पशुसंवर्धन इथे उगाच आठवलं नाही. या पद्धतीचं नाव ज्यांच्याशी जोडलं गेलं ते विल्यम सँडर्स टेनेसी विद्यापीठात शेतीविषयक संख्याशास्त्राचं काम करत होते. त्यांनी वापरलेलं गणित चार्ल्स हेंडरसन यांनी दुभत्या जनावरांच्या पैदाशीसाठी घडवलं होतं. वळूची किंमत त्याच्या लेकींच्या दुधावरून ठरवायची, कारण वळू स्वतः दूध देत नाही. तसंच इथे शिक्षकाची पारख मुलांच्या गुणांवरून. टेनेसी राज्याने १९९२ मध्ये ही पद्धत कायद्यात आणली.

माजी शिक्षिका

हे वाचून मला आपलाच एक शब्द आठवला. मराठीत ‘गुण’ म्हणजे मार्क आणि ‘गुण’ म्हणजे परिणामही. औषधाला गुण येतो. एखाद्या वैद्याच्या हाताला गुण असतो, त्याला आपण हातगुण म्हणतो. तेच औषध दुसऱ्याने दिलं तर लागू पडत नाही, या माणसाने दिलं की पडतं. अमेरिकेतले हे तज्ज्ञ शोधताहेत तो शिक्षकाचा हातगुणच की!

पण मग जोडीला दुसरा शब्दही घ्यावा लागेल: पायगुण. कुणीतरी घरात आलं आणि त्याच सुमारास काही बरं-वाईट घडलं की ते त्या माणसाच्या पायगुणावर टाकायचं. हातगुणात माणूस काहीतरी करतो. पायगुणात तो फक्त तिथे असतो. शिक्षकाच्या नावावर लिहिलेला आकडा यांतला कुठला, हाच सगळा वाद आहे असं मला वाटतं.

भाषांतरकार

हातगुण-पायगुण ही जोडी फार आवडली. पण अहवालात ‘हातगुण’ लिहिलं तर अंधश्रद्धेचा वास येईल ना?

संख्याशास्त्र शिकवणारा

मजकुरात लिहू नका, पण प्रस्तावनेत जरूर लिहा. ही जोडी चपखल का आहे ते दाखवतो.

जेसी रॉथस्टीन या अर्थतज्ज्ञाने २०१० मध्ये एक साधी तपासणी प्रसिद्ध केली. पाचवीच्या शिक्षकाचा परिणाम मुलांच्या चौथीतल्या प्रगतीवर दिसतो का, हे त्याने नॉर्थ कॅरोलिनातल्या आकड्यांवर पाहिलं. दिसायला नको, कारण चौथीत ती मुलं त्या शिक्षकापर्यंत पोचलेलीच नसतात. तरीही दिसला. कारण कुठलं मूल कुणाच्या वर्गात बसवायचं ते चिठ्ठ्या टाकून ठरत नाही. म्हणजे त्या आकड्यात थोडा का होईना, पायगुण मिसळलेला होता.

उलट बाजूही सांगायला हवी. चेट्टी, फ्रीडमन आणि रॉकॉफ या तीन अर्थतज्ज्ञांनी सुमारे २५ लाख मुलांच्या नोंदी पाहिल्या. मागचे गुण नीट हिशेबात धरले तर असा घोळ फारसा उरत नाही, असं त्यांना आढळलं. शिवाय ज्यांचा हा आकडा चांगला अशा शिक्षकांची मुलं पुढे कॉलेजात जास्त संख्येने गेली आणि त्यांनी जास्त कमावलं. ते २०१४ मध्ये छापून आलं. तेव्हा हातगुण असतोच, मी तर तो मानतोच. एकेका शिक्षकाच्या नावापुढे तो किती खात्रीने लिहिता येतो, एवढाच प्रश्न आहे. त्याच वर्षी अमेरिकेच्या संख्याशास्त्र संघटनेने एक निवेदन काढलं: बहुतेक अभ्यासांत मुलांच्या गुणांमधल्या एकूण फरकापैकी फक्त १ ते १४ टक्के वाटा शिक्षकांचा निघतो.

माजी शिक्षिका

त्या उरलेल्या टक्क्यांबद्दल मला मनापासून काही सांगायचंय. माझ्या वर्गात एक मुलगा अपूर्णांकांपाशी अडला होता. छेदाचा आकडा मोठा म्हणजे अपूर्णांक मोठा, हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलेलं. १/८ हा १/४ पेक्षा मोठा, कारण ८ मोठे! वर्षभर आम्ही कागदाच्या पट्ट्या दुमडल्या. त्याच्या हाताला घडी घालायची इतकी सवय झाली की तो बोलता बोलता पट्टी दुमडायचा. परीक्षेत गुण तेवढेच. पुढच्या वर्षी दुसऱ्या बाईंच्या वर्गात तो एकदम वर गेला. तो आकडा त्या बाईंच्या नावावर लागला असता. त्या चांगल्याच शिकवायच्या, त्यांचं श्रेय मला काढून घ्यायचं नाही. पण पेरणी आणि कापणी एकाच वर्षात होते असं धरून चालणारं माप मला पटत नाही.

आणि आपल्याकडची ती म्हणही विसरू नका, ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला. बाकावर शेजारी कोण बसतं त्याचाही गुण लागतो. तो कुठल्या रकान्यात जातो?

भाषांतरकार

म्हणजे ‘मोजमाप’ हा शब्दही जपून वापरायला हवा. मी जागोजागी ‘शिक्षकांच्या परिणामकारकतेचं मोजमाप’ लिहिलंय.

संख्याशास्त्र शिकवणारा

‘परिणामकारकता’ ठेवा. ‘प्रभावी शिक्षक’ लिहू नका, त्याने डोळ्यांपुढे छाप पाडणारा वक्ता येतो. ‘कार्यक्षम’ही नको, त्यात वेळ आणि कामाचा उरक येतो.

‘मोजमाप’ मात्र बदला. मोजलेली गोष्ट पुन्हा मोजून दाखवता येते. ह्यूस्टनमधल्या शिक्षकांचं नेमकं हेच गाऱ्हाणं होतं. त्यांचे आकडे एका खासगी कंपनीच्या गुप्त सूत्रातून यायचे आणि ते बरोबर आहेत की नाहीत हे त्यांना तपासताच येत नव्हतं. २०१७ मध्ये संघराज्याच्या न्यायालयाने त्या मुद्द्यावर खटला पुढे चालवायला परवानगी दिली, आणि मग तडजोड झाली. न्यूयॉर्क राज्यात शेरी लेडरमन या चौथीच्या शिक्षिकेला मुलांच्या प्रगतीवरून २० पैकी १४ मिळाले होते, पुढच्या वर्षी २० पैकी १. त्यांच्या वर्गातली मुलं आधीच खूप वरच्या गुणांवर होती. ९६ वर असलेलं मूल चढणार किती? २०१६ मध्ये न्यायालयाने तो १ गुण मनमानी ठरवून रद्द केला. अशा आकड्याला मी ‘अनुमान’ म्हणेन, फार तर ‘अंदाज’. हिंदीतून ‘आकलन’ उचलू नका, मराठीत त्याचा अर्थ समज.

भाषांतरकार

मग पहिलं वाक्य असं केलंय, बघा: ‘मुलांच्या गुणांमधली प्रगती अपेक्षेपेक्षा किती जास्त किंवा कमी झाली, यावरून शिक्षकाच्या परिणामकारकतेचं केलेलं अनुमान.’ ‘व्हॅल्यू ॲडेड’ला ‘अपेक्षेवरची भर’ म्हटलंय आणि पहिल्यांदा येईल तिथे कंसात ‘मूल्यवर्धन’ देतेय, कारण इतरत्र वाचकाला तोच शब्द भेटेल.

माजी शिक्षिका

‘अपेक्षेवरची भर’ छान आहे. भर पडतेही आणि कुणी घालतंही, दोन्ही अर्थ मोकळे राहतात. फक्त आकडा उणे आला तर काय लिहाल? ‘उणी भर’ वाचवत नाही.

भाषांतरकार

तिथे ‘घट’ लिहिलं तर मुलांचे गुण घटले असं वाटेल, आणि ते तर वाढलेलेच असू शकतात, फक्त अपेक्षेइतके नाहीत. सध्या ‘अपेक्षेपेक्षा कमी पडलेली प्रगती’ असं लांबलचकच ठेवलंय.