श्रीलंकेतल्या तमिळ गटांना भारताने बंदुका का दिल्या? नातं की हिशेब?

दक्षिणवारा:
देश परक्या मुलखातल्या सशस्त्र गटांना का पोसतात यावर बरंच संशोधन झालंय, त्यात एक मांडणी सारखी भेटते, की स्वतः लढणं महाग आणि बदनामीचं म्हणून दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवायची, आणि एकदा ठेवली की ताबा सुटतो. पटतं. पण श्रीलंकेच्या बाबतीत नुसता हिशेब पुरत नाही. जुलै १९८३ मध्ये कोलंबोत तमिळांची घरं-दुकानं जाळली, माणसं जीव घेऊन समुद्र ओलांडून तामिळनाडूत आली, तिथं लोक पेटले होते. तामिळनाडूचे तेव्हाचे मुख्यमंत्री एमजीआर, त्यांनी लिट्टे या तमिळ सशस्त्र गटाच्या प्रमुखाला, प्रभाकरनला पैसा दिला तो काय श्रीलंकेतलं त्रिंकोमालीचं बंदर डोळ्यासमोर ठेवून? रक्ताच्या नात्याचा दाब होता तो.

मोजपट्टी:
अजिबात नाही पटलं. दाब होता तर निर्वासितांना आसरा द्या, श्रीलंकेचे अध्यक्ष जयवर्धने यांच्याशी कडक बोला, त्यासाठी पोरांना बंदूक चालवायला शिकवायचं काय कारण? जयवर्धने अमेरिकेकडे झुकले होते, इस्रायलची मदत घेत होते, ते दिल्लीला खुपत होतं. आणि बघा, एकालाच मोठं केलं नाही, टेलो, ईरॉस, ईपीआरएलएफ, लिट्टे सगळ्या गटांना थोडं थोडं, कारण वेगळं ईलम, म्हणजे तमिळांचा स्वतंत्र देश, दिल्लीला नकोच होतं. मायेनं दिलेली मदत अशी वाटून कोण देतं?

दक्षिणवारा:
वाटून देऊन झालं काय, १९८६ मध्ये लिट्टेनं टेलो मोडून काढली, शेकडो पोरं मारली. दिल्ली एका गटाला झुकतं माप देत होती, चेन्नई दुसऱ्याला. 'देशाने मदत केली' म्हणतो तेव्हा नक्की कोणी केली हे आधी सांगा, अभ्यासकांनी पण सांगावं.

कृष्णाकाठ_सातारा:
माझे बाबा महार रेजिमेंटमध्ये होते, भारतानं १९८७ ला श्रीलंकेत पाठवलेल्या शांतिसेनेत, उत्तरेकडच्या जाफन्याला. तिथून आल्यावर कितीतरी महिने शेताच्या बांधावरून पण पायाखाली बघतच चालायचे, सुरुंगाची सवय. २५ नोव्हेंबर १९८७ ला ८ महारचे मेजर परमेश्वरन, आपल्या मुंबईत जन्मलेले, छातीत गोळी लागलेली असताना समोरच्याची रायफल हिसकावून लढले, परमवीर चक्र मरणोत्तर. समोर कोण होतं, तर ज्यांना चार वर्षांपूर्वी आपणच शिकवलं ती संघटना. जवळपास १२०० जवान गेले आपले.

मोजपट्टी:
ताई, तुमच्या बाबांना मनापासून नमस्कार. पण शेवट वाईट झाला म्हणून सुरुवातीला हिशेब नव्हता असं होत नाही, हिशेब चुकला. १९७१ ला बांगलादेशच्या मुक्तिवाहिनीला हीच मदत केली, तेव्हा जमलं की.

कृष्णाकाठ_सातारा:
जमलं कारण बांगलादेश दोघांनाही हवा होता, आणि मागून आपलं सैन्य पण उतरलं. इथं प्रभाकरनला ईलम हवं होतं आणि दिल्लीला नको होतं, हे तुम्हीच वर लिहिलंय. ते तेव्हाही माहीत होतं ना? मग नातं असो नाहीतर हिशेब, ज्याला आपल्याला नको तेच हवंय त्याच्या हातात बंदूक दिली आणि चार वर्षांनी बाबांना त्याच्यापुढं उभं केलं, याचं उत्तर मला अजून कुणी दिलेलं नाही.