वडिलांच्या संग्रहातील व्हीसीडी-डीव्हीडींचे जतन, आणि सहा मिनिटांचा एक हिशेब

माजघर:
नमस्कार. सावंतवाडीच्या घराची आवराआवर करताना माळ्यावर वडिलांनी जमवलेल्या चित्रपटांचे दोन खोके सापडले. त्यांत सुमारे दीडशे व्हीसीडी आणि चाळीसेक डीव्हीडी आहेत. शिवाय अकरा बिनछापील सीडी अशा आहेत की ज्यांवर मार्करने केवळ ‘दूरदर्शन - मालिका’ एवढेच लिहिले आहे. या सीडी वडिलांनी जुन्या व्हिडिओ कॅसेटवरून एका दुकानातून उतरवून घेतल्या होत्या. बाकीच्या बहुतेक चकत्या २००७ नंतरच्या, म्हणजे मोझर बेअर या कंपनीने व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना विकायला काढली त्या काळातल्या आहेत. वडील बाजारातून येताना भाजीच्या पिशवीत वरच्या वर एखादी चकती ठेवून आणत, हे मला अजून आठवते.

कोकणातली दमट हवा आणि माळ्यावरचा उकाडा यांचा परिणाम दिसतोच आहे. काही प्लास्टिकची पाकिटे चकत्यांना चिकटली आहेत आणि काहींवर बुरशीचे ठिपके आहेत. माझी अडचण अशी की, काही व्हीसीडी टीव्हीच्या जुन्या प्लेअरवर थोड्याफार अडखळत का होईना चालतात, परंतु संगणकावर त्यांची प्रत करू लागलो की मध्येच प्रक्रिया थांबते. त्या जपून ठेवण्याचा योग्य मार्ग कोणता? अमेरिकेतील बहिणीला त्यांतल्या काही मूळ चकत्याच हव्या आहेत. त्या तिकडे चालतील का?

आणखी एक शंका. सत्तरच्या दशकातील एका ग्रामीण चित्रपटाची व्हीसीडी कापलेली आहे, असे वडील शेवटपर्यंत म्हणत. त्यांच्या वहीत चित्रपटगृहातील वेळ ‘अडीच तास, मध्यंतर सोडून’ अशी नोंदलेली आहे, आणि व्हीसीडीच्या दोन चकत्या मिळून १४४ मिनिटेच भरतात. उरलेली सहा मिनिटे कुठे गेली असतील?

तिसरी घंटा:
प्रथम चकत्या स्वच्छ कराव्यात. कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचा एखादा थेंब टाकून मऊ सुती कापडाने मधल्या छिद्राकडून कडेकडे सरळ रेषेत पुसावे, गोल गोल कधीही पुसू नये. चकतीवरील माहिती गोलाकार मार्गाने लिहिलेली असते, त्यामुळे आडवा ओरखडा वाचनयंत्र सावरून घेते, मात्र मार्गालगत गेलेला ओरखडा सलग माहिती खातो. टूथपेस्टने घासण्याचा सल्ला कुणी दिला तर तो ऐकू नये. स्वच्छ झाल्यावर प्रत्येक चकतीची आयएसओ प्रतिमा (म्हणजे संपूर्ण चकतीची एकाच फाइलीतली नक्कल) करून हार्ड डिस्कवर ठेवली की काम झाले.

रिळातला माणूस:
स्वच्छतेविषयी तिसरी घंटा यांनी लिहिले आहे ते योग्यच आहे, परंतु आयएसओचा सल्ला फक्त डीव्हीडीपुरता घ्यावा. व्हीसीडीची आयएसओ केल्यास हाती जवळजवळ काहीच लागणार नाही. व्हीसीडीवर पहिल्या ट्रॅकमध्ये केवळ फायलींची मांडणी असते आणि प्रत्यक्ष चित्रपट दुसऱ्या ट्रॅकपासून सुरू होतो. शिवाय साध्या डेटा सीडीच्या एका सेक्टरमध्ये, म्हणजे चकतीवरील माहितीच्या एका छोट्या तुकड्यात, २,०४८ बाइट माहिती आणि उरलेल्या जागेत दोषसुधारणेची तजवीज असते, तर व्हीसीडीने ती तजवीज बाजूला सारून त्याच सेक्टरमधील २,३२४ बाइट चित्र आणि ध्वनीला दिलेले असतात. आयएसओच्या साच्यात ते मावतच नाहीत.

तुमच्या अडचणीचे कारणही यातच आहे. सेकंदाला असे ७५ सेक्टर वाचले जातात. त्यांतला एखादा वाचता आला नाही तर टीव्हीचा प्लेअर पडद्यावर क्षणभर चौकोनी ठिपके दाखवून पुढे जातो. संगणकाची साधी कॉपी आज्ञा मात्र एका सेक्टरशी अडली की संपूर्ण फाइलच सोडून देते. म्हणून व्हीसीडीसाठी सेक्टर जसाच्या तसा उचलणारे साधन वापरावे आणि प्रत ‘बिन’ (प्रत्यक्ष माहिती) व ‘क्यू’ (तिच्या मांडणीची नोंद) या फायलींच्या जोडीत ठेवावी. लिनक्सवर सीडीआरडीएओ आणि विंडोजवर आयसोबस्टर हे काम करतात. वाचनाची गती शक्य तितकी कमी ठेवावी, आणि एका ड्राइव्हने हात टेकले तर दुसऱ्या बनावटीचा ड्राइव्ह लावून पाहावा. ड्राइव्हगणिक फार फरक पडतो.

क्रमाविषयी माझे मत ठाम आहे: त्या अकरा घरगुती सीडी सर्वांत आधी घ्या. बाजारातल्या चकत्यांवर माहिती ठशाने दाबलेली असते, तर घरी किंवा दुकानात उतरवून घेतलेल्या सीडीत ती रंगाच्या थरावर लेझरने उमटवलेली असते, आणि तो रंग उष्णता व प्रकाशाने उतरतो. माळ्यावरच्या पत्र्याखाली काढलेला प्रत्येक उन्हाळा त्यांना महाग पडलेला असणार. दुसरी गोष्ट म्हणजे सीडीचा चकाकता थर छापील बाजूच्या अगदी लगत, पातळ लाखेखाली असतो. चकती उजेडासमोर धरली आणि टाचणीने टोचल्यासारखी प्रकाशाची छिद्रे दिसली, तर तेवढी माहिती गेलीच म्हणून समजावे. त्यामुळे चिकटलेली पाकिटे छापील बाजूने ओढून काढू नका. डीव्हीडीत हा थर ०.६ मिलिमीटरच्या दोन पापुद्र्यांच्या मध्ये असतो, म्हणून ती या बाबतीत जास्त सोसते.

सहा मिनिटांविषयी सांगण्यापूर्वी एक विचारतो. चकतीच्या सुरुवातीला सेन्सॉरचे प्रमाणपत्र दिसते का? दिसत असल्यास त्यावरील लांबी मीटरमध्ये किती आहे?

कट्ट्यावरचा:
एवढा खटाटोप कशासाठी? यांतले बरेचसे चित्रपट यूट्यूबवर फुकट आहेत.

तिसरी घंटा:
आहेत, परंतु त्यांतले कित्येक याच व्हीसीडींवरून उचललेले दिसतात. ३५२ गुणिले २८८ ठिपक्यांचे चित्र ताणून मोठे केलेले, कोपऱ्यात वाहिनीचे बोधचिन्ह, आणि श्रेयनामावली अर्ध्यावर तोडलेली. त्यापेक्षा मूळ व्हीसीडी बरी. दूरदर्शनची मालिका ज्या सीडींवर आहे, ती तर इतरत्र सापडेलच याचा भरवसा नाही. व्हीसीडीच्या आयएसओबद्दलची माझी चूक रिळातला माणूस यांनी दाखवली, त्याबद्दल आभार.

हडसनकाठ:
बहिणीच्या प्रश्नापुरते लिहितो. मी न्यू जर्सीत राहतो आणि माझ्याही कपाटात अशा चकत्या आहेत. व्हीसीडीला प्रदेश-संकेत (चकती कोणत्या देशांतल्या प्लेअरवर चालेल हे ठरवणारा आकडा) नसतो, परंतु भारतातली व्हीसीडी सहसा ‘पाल’ (PAL) या आपल्याकडच्या टीव्ही-पद्धतीची असते आणि इकडचे अनेक साधे प्लेअर ती नीट दाखवत नाहीत. डीव्हीडीत भारताचा प्रदेश ५ आणि अमेरिकेचा १. भारतीय चित्रपटांच्या पुष्कळ डीव्हीडी सर्व प्रदेशांसाठी खुल्या असतात, तेव्हा वेष्टनामागचे पृथ्वीगोलाचे चिन्ह पाहावे. संगणकाच्या ड्राइव्हचा प्रदेश साधारणपणे पाचच वेळा बदलता येतो, त्यामुळे उगाच प्रयोग करू नयेत. व्हीएलसी हे चित्रफिती दाखवणारे सॉफ्टवेअर असलेला संगणक आणि बाहेरून जोडायचा ड्राइव्ह एवढ्यावर माझे भागते.

कायद्याचा मुद्दा राहिला आहे. भारतीय कायद्याप्रमाणे चित्रपटाचा स्वामित्वहक्क (कॉपीराइट) प्रकाशनाच्या पुढील वर्षापासून ६० वर्षे टिकतो, म्हणजे १९६४मध्ये प्रकाशित झालेला चित्रपट १ जानेवारी २०२५ रोजी मुक्त झाला. गीते व संगीत यांचा हिशेब वेगळा असतो. डीव्हीडीवरील कुलूप तोडण्यासंबंधीचे कलम ६५अ २०१२च्या दुरुस्तीने आले आणि ते हक्कभंगाच्या हेतूने केलेल्या कृतीला लागू होते. स्वतःच्या चकतीची स्वतःपुरती प्रत आणि ती गावभर वाटणे, या दोन गोष्टी एका मापाने मोजू नयेत.

माजघर:
सर्वांचे आभार. प्रमाणपत्र दिसते. चित्र थांबवून भिंगाने वाचले: लांबी ४,११५ मीटर, रिळे १५.

रिळातला माणूस:
मग वडिलांची वहीही बरोबर आहे आणि व्हीसीडीही पूर्ण असण्याचा संभव मोठा आहे. ३५ मिलिमीटरची फिल्म चित्रपटगृहात सेकंदाला २४ चौकटी (फ्रेम) या गतीने चालते आणि मिनिटाला ९० फूट, म्हणजे सुमारे २७.४३ मीटर जाते. ४,११५ मीटरला त्याने भागले की बरोबर १५० मिनिटे येतात. आपल्याकडची टीव्हीची पद्धत मात्र सेकंदाला २५ चौकटींची आहे. फिल्म व्हिडिओवर उतरवताना एका सेकंदात २४ऐवजी २५ चौकटी दाखवल्या जातात, त्यामुळे प्रत्येक गोष्ट चार टक्क्यांनी लवकर आटोपते. १५० गुणिले २४ भागिले २५ केले की तुमची १४४ मिनिटे मिळतात. आवाजही किंचित चढा लागतो. गाणी पाठ असलेल्या माणसाला ते खटकते, आणि काहीतरी हरवले आहे असे वाटण्याचे एक कारण तेही असू शकेल. गंमत अशी की, १५० मिनिटांचा चित्रपट ७४ मिनिटांच्या दोन चकत्यांत बसला नसता. या घाईमुळेच तो बसला.

प्रत करताना ही गती ‘सुधारू’ नका. मूळ बिन फाइल तशीच राहू द्या. हवी तर २४ चौकटींची वेगळी प्रत करून घ्या.

माजघर:
अकरापैकी नऊ सीडींची प्रत पूर्ण झाली. दहावीत मधली साधारण चार मिनिटे वाचली जात नाहीत; दुसरा ड्राइव्ह आणायला सांगितला आहे. अकरावीवर मालिका नाहीच. आमच्या अंगणातला गणपती आहे, बहुधा कुणीतरी भाड्याच्या कॅमेऱ्यावर घेतलेला, आणि चित्रीकरणात वडील सगळ्यांना बाजूला व्हा म्हणून खुणावताना दिसतात.