गोळी चालू आहे, पण दिवस कसा जातो?
"गोळी घेतली की बीपीचा प्रश्न मिटला" असं बरेच जण म्हणतात, ते मला पटत नाही. आईचं बीपी 130/80 वर आलं, तरी तिचं सारसबागेत फिरायला जाणं सुटलं होतं. बीपीसाठीची लघवी वाढवणारी गोळी सकाळी घ्यायची, मग वाटेत सोय कुठे, ही धास्ती. त्यात बीपीच्या दुसऱ्या गोळीने, अ‍ॅम्लोडिपिनने घोटे सुजायचे. संध्याकाळी चपलेच्या पट्ट्याचा वळ पायावर खोल उमटलेला असायचा. कित्येक महिने ती बोललीच नाही! डॉक्टरांना सांगितल्यावर त्यांनी गोळी बदलली, सूज उतरली. तुमच्या घरीही विचारा, प्लीज.

बीपीसाठी मीठही सांभाळायचं: दिवसाला 5 ग्रॅमच्या आत, म्हणजे जेमतेम एक छोटा चमचा, लोणचं-पापड धरून. आईचं जेवण वेगळं केलं तेव्हा ती आमच्या पंगतीलाच बसेना. आता सगळ्यांचीच आमटी कमी मिठाची असते.