मदत हवी आहे: ब्रेक डिस्कच्या सिम्युलेशनमध्ये पॅडचे गुणधर्म कुठून घ्यायचे?

नमस्कार मंडळी. मुलुंडला राहतो, मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्ट स्कूटरच्या पुढच्या ब्रेक डिस्कचा: आधी रिजिड बॉडीने (भाग वाकत-दबत नाहीत असं धरून) चाकाचा वेग काढायचा, मग हीट ट्रान्सफरने डिस्कचं तापमान.

परवा पहिला ट्रान्झियंट रन (वेळेनुसार तापमान काढणारा) उघडला तर डिस्क पावणेचार कोटी अंशांवर! सूर्याचा गाभासुद्धा दीड कोटीचाच. रात्री दोनला चूक सापडली. मॉडेल मिलिमीटर-टन-सेकंदात, आणि विशिष्ट उष्मा मी मीटर-किलो-सेकंदातलाच, सरळ ४६० टाकलेला; तिथे ४६ कोटी हवा. कंडक्टिव्हिटी (उष्णता वाहून नेण्याची क्षमता) मात्र दोन्ही एककांत २५च राहते, म्हणून शंकाच आली नाही. आता वाढ ३८ अंश येते. हातानेही पडताळलं: गाडी नि माणूस मिळून १८० किलो, ताशी ५० किमी, म्हणजे साधारण १७ किलोज्यूल, आणि डिस्क १ किलोची. जुळतंय.

रिजिड बॉडीत यंग्ज मॉड्युलस (ताठरपणाचं माप) दहापट केला तरी उत्तर ढिम्म हलत नाही. तिथे घनतेवरून येणारं वस्तुमान नि जडत्व एवढंच लागतं ना?

खरं अडलंय पॅडपाशी, म्हणजे डिस्कवर घासणाऱ्या भागापाशी. सध्या सगळी उष्णता डिस्कलाच दिलीय. कंडक्टिव्हिटी, घनता आणि विशिष्ट उष्मा यांच्या गुणाकाराच्या वर्गमुळाच्या प्रमाणात ती डिस्क आणि पॅडमध्ये वाटतात, हे कळलं. पण पॅडच्या किमती आणायच्या कुठून? कुर्ल्याच्या स्पेअरवाल्या काकांनी पाकीट उलटंपालटं करून दाखवलं, त्यावर फक्त एमआरपी.

कुणी पॅडवर काम केलंय का? अंदाजे रेंज सांगितली तरी चालेल. बुधवारी रिव्ह्यू आहे.