डोमेन कोणाच्या नावावर आहे?

संकेतस्थळ बनवून घेताना डिझायनरचे आधीचे काम आणि दर तपासून घ्यावेत, हा नेहमी दिला जाणारा सल्ला योग्यच आहे. परंतु पुढे वाद होतात ते बहुधा मालकीवरून. डिझायनरने ‘सोयीसाठी’ डोमेन, म्हणजे संकेतस्थळाचा पत्ता, स्वतःच्या खात्यातून घेतले, तर नोंदीत नाव आणि ईमेल त्याचाच राहतो, नूतनीकरणाची सूचना त्यालाच जाते आणि संबंध बिघडल्यावर डोमेन दुसरीकडे हलवण्यासाठी लागणारा कोडही त्याच्याच हाती असतो. म्हणून रजिस्ट्रारकडील (डोमेनची नोंदणी करणाऱ्या कंपनीकडील) खाते आपणच उघडावे आणि डिझायनरला केवळ डीएनएस (डोमेन कोणत्या सर्व्हरकडे न्यायचे याच्या नोंदी) बदलण्यापुरती परवानगी द्यावी. होस्टिंगचेही, म्हणजे संकेतस्थळ ज्या सर्व्हरवर ठेवले जाते त्या जागेचेही, तेच.

करारात बदलांच्या किती फेऱ्या दरात धरल्या आहेत आणि मजकूर कोण, कधीपर्यंत देणार, हे स्पष्ट असावे. काम रखडते ते अनेकदा ग्राहकाने मजकूर न दिल्यामुळे. ‘हवे तितके बदल करून देऊ’ हे आश्वासन मला तरी संशयास्पद वाटते. फॉन्ट आणि छायाचित्रांचे परवाने आपल्या नावावर घ्यावेत. शेवटचा हप्ता मात्र सर्व फाइली व डेटाबेसचा बॅकअप हाती येऊन, तो दुसऱ्या सर्व्हरवर चालवून पाहिल्यानंतरच द्यावा.